दाराला कुलूप, तक्त्यात शंभर टक्के

(दृश्य : धारूरचा घाट. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पेट्या, सरपण, कोंबड्यांचं खुराडं, वर बसलेली माणसं.)

दसरा झाला की बीड जिल्ह्यातली, बालाघाटाच्या रांगेतली गावं रिकामी व्हायला लागतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार. मुकादमाकडून, म्हणजे टोळीच्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ पैसे) घेतलेले कोयते ऊसतोडीला निघतात. इथं कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. कुणी कोल्हापूर-सांगलीच्या पट्ट्यात जातं, कुणी सोलापूरला, कुणी थेट बेळगावकडे. परत येणं पाडव्याच्या मागं-पुढं, कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे उसाचं गाळप संपल्यावर.

(दृश्य : गावातली गल्ली. एकामागून एक कुलपं. ओट्यावर एक आजी, मांडीवर नातू.)

याच गल्लीत आरोग्य सर्वेक्षणाचं पथक येतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण देशात १९९२-९३ पासून होत आलंय. मुंबईच्या देवनारमधली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ते चालवते. जिल्ह्यात किती बायकांच्या अंगात रक्त कमी (हे पाचव्या फेरीपर्यंत), किती पोरींची लग्नं अठराच्या आत, किती बाळंतपणं दवाखान्यात, हे सगळं कळतं ते मुख्यतः यातून. त्यामुळं हे पथक कुणाच्या दारी पोचतं आणि कुणाच्या नाही, हे नीट बघायला हवं.

(दृश्य : चौकटीवर खडूनं घातलेला आकडा. हातानं काढलेला नकाशा, कोपऱ्यात उत्तरेचा बाण.)

आधी घरयादी होते. पथकातली दोन माणसं गावाची हद्द चालत फिरतात. एक नकाशा काढतो, दुसरा प्रत्येक वास्तूला क्रमांक घालतो. गावात तीनशेच्या वर घरं असली, तर शंभर-दीडशे घरांचे तुकडे पाडून त्यातले दोन निवडतात. यादीतून २२ घरं उचलायची. समजा यादीत १५४ घरं आहेत. १५४ भागिले २२ म्हणजे ७. पहिला आकडा चिठ्ठीनं ठरतो, समजा ४ आला. मग ४, ११, १८ असं दर सातवं घर, शेवटचं १५१ वं. निवडलेल्या घराला कुलूप असलं म्हणून शेजारच्या घरात शिरायचं नाही. हा नियम चांगलाच आहे. तो नसता तर पथकानं सोयीची घरं धरली असती.

कुलपाच्या घरी पुन्हा जायचं, निरनिराळ्या वेळी जायचं. तरी कुणी भेटलं नाही, तर निकालाचा रकाना भरायचा. आमच्या मते सगळं पाणी मुरतं ते इथंच. ‘घरी कोणी नाही’ हा एक निकाल. ‘सगळं कुटुंब दीर्घकाळ बाहेरगावी’ हा दुसरा. प्रतिसादाचं प्रमाण काढताना पहिला निकाल छेदात धरतात, दुसरा धरत नाहीत. पद्धतीप्रमाणं त्या घरात सध्या कुणी राहतच नाही. आता गणित मांडा. २२ घरांपैकी ५ ऊसतोडीला गेलेली, १७ घरी मुलाखत झाली. १७ पैकी १७. प्रतिसाद शंभर टक्के. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशभरातल्या घरांचा प्रतिसाद ९८ टक्के आहे. तो आकडा खोटा नाही. पण किती दारांना हंगामाचं कुलूप होतं, हे तो सांगू शकत नाही.

(दृश्य : पुन्हा ओट्यावरची आजी. पथकातली ताई टॅबवर नावं भरते आहे.)

हे घर उघडं आहे, कारण आजी मागं राहिल्यात. ताई दोन वेगळे प्रश्न विचारते. हे माणूस एरवी इथं राहतं का? आणि काल रात्री इथं मुक्काम होता का? सुनेचं नाव पहिल्या प्रश्नाला ‘हो’, दुसऱ्याला ‘नाही’. सर्वेक्षणातले बहुतेक आकडे काल रात्री मुक्कामाला असलेल्या माणसांवरून निघतात. सुनेचं नाव यादीत राहतं, रक्ताचा थेंब राहत नाही.

(दृश्य : जुन्या जनगणनेच्या तक्त्यांची पानं.)

याच्याही मागं एक गोष्ट आहे. गावं निवडली जातात ती २०११ च्या जनगणनेच्या यादीवरून, आणि मोठ्या गावाला निवडलं जाण्याची संधी जास्त. ती जनगणना झाली ९ ते २८ फेब्रुवारीत. फेब्रुवारी म्हणजे ऊसतोडीचा ऐन भर. त्या सगळ्या दिवसांत जो गावाबाहेर होता, त्याची मोजणी गावात नाही, जिथं सापडला तिथं. म्हणजे आमची गावं यादीतच लहान होऊन बसली.

पाचव्या फेरीचं महाराष्ट्रातलं काम २० जून ते ३० डिसेंबर २०१९ या काळात झालं. श्रावणात आलेल्या पथकाला भरलेलं घर भेटतं, मार्गशीर्षात आलेल्याला कुलूप.

स्थलांतर मोजणारी सर्वेक्षणं वेगळी आहेत. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २००७-०८ मधल्या ६४ व्या फेरीनं अल्पकालीन स्थलांतरिताची व्याख्या केली ती अशी : वर्षभरात कामासाठी एक महिना किंवा जास्त, पण सहा महिन्यांहून कमी काळ बाहेर. ऊसतोडीचा हंगाम पाच ते सहा महिन्यांचा. गाळप लांबलं की तोच माणूस व्याख्येच्या बाहेर जातो. अमेरिकेत १९५७ पासून चालणाऱ्या राष्ट्रीय आरोग्य मुलाखत सर्वेक्षणात जन्म कुठल्या देशात झाला आणि इथं येऊन किती वर्षं झाली, हे आरोग्याच्या प्रश्नांसोबतच विचारतात. त्यामुळं परदेशातून आलेल्यांची प्रकृती वेगळी काढून बघता येते. आपल्याकडं ऊस तोडणारी बाई ‘शेतमजूर’ या एकाच खान्यात जाते.

(दृश्य : कारखान्याच्या तळावर कोप्यांची, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपड्यांची, रांग. धूर. वाढ्याची (उसाच्या शेंड्यांची) मोळी डोक्यावर घेतलेली बाई.)

मग मोजायचं कसं? एकाच कुटुंबाची दोनदा गाठ घ्यायची. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गावात, डिसेंबर-जानेवारीत कोपीवर. कोपीवर घरयादी वास्तूवरून नव्हे, चुलीवरून करायची, कारण एक चूल म्हणजे एक कुटुंब. यादी ताजी हवी. उसाचा फड संपला की टोळी हलते, आठवड्यापूर्वीचा नकाशा कामाचा राहत नाही.

नमुना किती घ्यायचा? एखादा त्रास १७ टक्के बायकांना असेल असं धरलं आणि तीन टक्के इकडंतिकडं चालणार असलं, तर सुमारे ६०० बायका लागतात. पण एका टोळीतल्या बायका बहुधा एकाच गावच्या, एकाच मुकादमाच्या, एकाच तळावरचं पाणी पिणाऱ्या. त्यांची उत्तरं सारखी येतात. म्हणून आकडा दुप्पट करायचा, १,२००, आणि भेट न होणाऱ्यांसाठी वर दहा टक्के. थोड्या टोळ्यांतून भरपूर बायका घेण्यापेक्षा भरपूर टोळ्यांतून थोड्या घ्याव्यात.

वेळेचं गणित सगळ्यांत अवघड. तोड पहाटे सुरू होते, गाडी भरायला कधी रात्र होते. दुपारी फडात गेलात तर बाईचा खाडा व्हायची भीती, मग ती घाईत ‘नाही, नाही’ म्हणत जाते. मुकादम शेजारी उभा असला तरी तेच. तारखा विचारू नयेत. दसरा, दिवाळी, संक्रांत, पाडवा असे बारा महिन्यांचे खण पाडून प्रत्येक खणात ‘मुक्काम कुठं?’ विचारावं.

(दृश्य : बाईचा हात जवळून. उसाच्या पानांचे चरे, तळव्याला घट्टे. बोटाला सुई.)

रक्त तपासताना पहिले दोन थेंब पुसायचे, तिसरा घ्यायचा. घट्टे पडलेल्या, गारठलेल्या बोटातून थेंब लवकर येत नाही. म्हणून बोट दाबलं तर पेशींभोवतालचं पाणी रक्तात मिसळतं आणि हिमोग्लोबिन आहे त्यापेक्षा कमी दिसतं. हात कोमट पाण्यानं शेकायचा, बोटाच्या बाजूला टोचायचं, दाबायचं नाही. रक्त घ्यायच्या पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावायचं, दमट हवेनं पट्ट्या बिघडतात. रक्तदाब घेण्याआधी बाईला पाच मिनिटं टेकू द्यायचं. मिश्री लावून अर्धा तास झाला का, हेही विचारायचं.

आणि एक चकवा. आजारी पडलेली बाई पुढच्या हंगामाला जातच नाही, गावात राहते. त्यामुळं कोपीवरच्या बायका गावातल्यांपेक्षा ठणठणीत दिसू शकतात. म्हणून ‘यंदा गेलात का’ एवढ्यावर थांबायचं नाही. मागच्या पाच हंगामांत किती गेलात, आणि सोडलं तर कशामुळं, हे विचारायचं.

(दृश्य : उपकेंद्राची भिंत. बाकावर बसलेल्या बायका.)

गर्भपिशवी काढल्याचा प्रश्न राष्ट्रीय सर्वेक्षणात आहे. २०१५-१६ मध्ये देशात १५ ते ४९ वयाच्या साधारण ३ टक्के बायकांची पिशवी काढलेली निघाली. २०१९ मध्ये या शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आमदार नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढं बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी आली. त्यांत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती.

(दृश्य : पाडव्यानंतरचा घाट. ट्रॉल्या परत चढताहेत. गल्लीत एक कुलूप उघडतं. चौकटीवर खडूचा आकडा अजून तसाच.)