पगान: दानात गेलेलं राज्य

नमस्कार श्रोतेहो.

कोकणात किंवा देशावर जुन्या देवळाच्या आवारात कधी कधी एक उभा दगड दिसतो. वर चंद्र-सूर्य, मध्ये चार ओळींचा लेख आणि खाली एक गाढव. त्या गाढवाचं काय चाललंय ते मला रेडिओवर सांगता यायचं नाही. ज्यांनी गद्धेगळ पाहिलाय ते आत्ता गालातल्या गालात हसत असतील. मतलब एवढाच, की ही जमीन दान दिली आहे, आणि जो तिला हात लावेल त्याच्या घराण्याची अब्रू अशी जाईल. शिलाहार-यादवांच्या काळातले हे दगड.

नेमक्या त्याच काळात, बंगालच्या उपसागरापलीकडे, इरावती नदीच्या काठीही माणसं असेच दगड उभे करत होती. त्यांच्यावर गाढव नसे. तिथला शाप वेगळा: या विहाराची शेतं, गुरं, माणसं जो काढून घेईल तो अवीची नरकात भाजला जावो, आणि पुढे येणाऱ्या मैत्रेय बुद्धाचं दर्शन त्याला कधी न होवो. बौद्ध माणसाला याहून मोठी धमकी देता येत नाही. आणि ती धमकी इतकी लागू पडली, की पुढे पुढे खुद्द राजालाच आपल्या राज्यातल्या शेतांकडे नुसतं बघत बसायची वेळ आली. त्या राज्याचं नाव पगान. आजच्या नकाशात बगान लिहितात. आज त्याचीच गोष्ट सांगणार आहे.

आधी जागा समजून घेऊ. म्यानमारच्या, म्हणजे जुन्या ब्रह्मदेशाच्या, पश्चिम किनाऱ्याला समांतर आराकानची डोंगररांग आहे. मोसमी पाऊस तिच्यावर आपटतो आणि समुद्राकडच्या अंगाला रिता होतो. मागे उरतो तो कोरडा पट्टा. सह्याद्रीच्या आडोशाला आपला माण-खटाव आहे ना, तसाच. पगान या पट्ट्याच्या मधोमध, इरावतीच्या एका वळणावर. जमिनीत तीळ आणि ताडाची झाडं. एवढ्या मोठ्या राजधानीचं पोट त्या मातीत भरणं शक्यच नव्हतं. भात यायचा तो ईशान्येला सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या चाउक्से खोऱ्यातून आणि नदीपलीकडच्या मिन्बूतून. तिथे ओढ्यांना बांध घालून पाट काढलेले होते. पगानची खरी तिजोरी म्हणजे ते पाट. देवळं बघायला जाणाऱ्यांना हे पाट कुणी दाखवत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

बखरींच्या मते पगानचा कोट ८४९ साली बांधला गेला. त्याचा एक दरवाजा अजून उभा आहे. पण गाव होतं त्याचं साम्राज्य केलं ते अनिरुद्धानं. बर्मी जीभ या नावाचं अनोरथा करते. तो १०४४ मध्ये गादीवर आला आणि १०७७ पर्यंत राहिला. मातीच्या साच्यात बुद्धाची तळहाताएवढी मूर्ती उठवायची, ती भाजायची आणि पुण्यासाठी ठिकठिकाणी ठेवायची, अशी तेव्हा पद्धत होती. अनिरुद्धाच्या नावाच्या अशा पाट्या राजधानीपासून लांब लांब सापडल्या आहेत. त्याचा हात कुठवर पोचला होता याचा मला तरी हाच सगळ्यात विश्वासाचा पुरावा वाटतो. दक्षिणेतलं थाटोन जिंकून १०५७ साली त्यानं तिथून पवित्र ग्रंथ आणि राजा मनूहा असं दोन्ही आणलं, अशी बखरीतली कथा आहे. हल्लीचे काही अभ्यासक तिच्यावर शंका घेतात. दक्षिणेकडचे मोन लोक आणि त्यांची विद्या पगानात आली, त्याबद्दल मात्र वाद नाही.

त्याच्यानंतरचा मोठा राजा क्यान्झित्था. त्याच्या वेळची दोन कामं सांगतो, आणि इथे जरा थांबतो.

पहिलं काम म्हणजे एक चौकोनी दगड. क्यान्झित्था आजारी पडला, शेवटचे दिवस आले, तेव्हा त्याच्या मुलानं, राजकुमारानं, बापाच्या नावानं सोन्याची बुद्धमूर्ती करून गुहेत ठेवली आणि तीन गावांचे सेवक तिला दिले. हा मजकूर त्यानं दगडाच्या चार बाजूंवर चार भाषांत कोरवला: पाली, मोन, बर्मी आणि प्यू. साल साधारण १११३. गंमत अशी, की प्यू ही तिथल्या आधीच्या लोकांची भाषा पुढे मेली, तिची लिपी कुणाला लागेना. विसाव्या शतकात ती वाचता आली ती याच दगडामुळे. बाजूच्या तीन भाषांशी ताडून. बापासाठी मुलानं केलेल्या दानाच्या पावतीनं एक भाषा परत वाचता आली.

दुसरं काम आनंद मंदिर. पगानात दोन तऱ्हेच्या वास्तू आहेत. एक भरीव स्तूप, ज्याला बाहेरून प्रदक्षिणा घालायची. दुसरी पोकळ, आत जाता येईल अशी. या दुसरीला बर्मीत जे म्हणतात ते मराठीत उच्चारलं तर माझं हे भाषण शेवटचं ठरेल. मूळ शब्द 'गुहा' आहे, एवढ्यावर भागवा. आनंद मंदिर या दुसऱ्या जातीचं. चार दिशांना चार उभे बुद्ध, प्रत्येक साडेनऊ मीटरच्या आसपास उंच. वर छताजवळ झरोका असा काढलाय की बोळात अंधार आणि मूर्तीच्या चेहऱ्यावर तेवढा उजेड. दक्षिणेच्या बुद्धाची एक खुबी प्रसिद्ध आहे. पायाशी उभं राहून मान वर केली की चेहरा गंभीर, थोडा खिन्न वाटतो. तसंच मागे मागे सरकत दाराशी आलं की तो हसू लागतो. पायाशी राजा, मंत्री बसणार, दाराशी सामान्य माणूस. सगळ्यांत लांबच्याला हसू मिळतं.

आणि हे सगळं विटांचं. आपल्या हेमाडपंती देवळांत दगडावर दगड थोडा पुढे काढत छत मिटवायचे. पगानच्या गवंड्यांना खरी कमान साधली होती, विटा एकमेकींना दाबून धरतील अशी टोकदार कमान. त्याशिवाय एवढ्या उंच पोकळ्या झाल्याच नसत्या. धम्मयांजी नावाचं सगळ्यात अवाढव्य मंदिर आहे. ते बांधणाऱ्या नरथूनं गादीसाठी स्वतःच्या बापाला, अलौंगसिथूला, मारलं असं बखर सांगते. दोन विटांच्या सांध्यात सुई शिरली तर तो गवंड्याचा हात तोडायचा, अशीही दंतकथा आहे. हाताची मला खात्री नाही, पण विटांचे सांधे बघून ती कथा का सुचली असेल ते कळतं. नरथू तीनेक वर्षांतच मारला गेला.

राजे बांधत होते, राण्या बांधत होत्या, मंत्री, सावकार, अगदी गावचे मुखियेही. अडीचशे वर्षांत दहा हजारांवर वास्तू झाल्या असं म्हणतात. आज नोंदीत ३,५९५ आहेत. एका राणीनं आपल्या लेखात निर्वाण मागितलं. पण ते मिळेपर्यंत जितके जन्म घ्यावे लागतील त्यांत रूप, निरोगी देह, सोनं, मोती, पोवळी यांची सोयही मागून ठेवली. मला ही बाई फार आवडते. आणि परदेशीही बांधत होते. तेराव्या शतकात केरळातल्या महोदयपुरच्या एका माणसानं पगानच्या विष्णुमंदिराला मंडप आणि दिवा दिल्याचा तमिळ लेख तिथे आहे.

आता हिशेब. मंदिर बांधायचं म्हणजे गवंडी, सुतार, चित्रकार यांना चांदी, भात, कापड द्यायचं. पैसा फिरायचा, खोऱ्यांत नवी शेतं निघायची, लोक राजधानीकडे यायचे. म्हणजे दानानं राज्य वाढतच होतं, हे आधी कबूल केलं पाहिजे. पण नुसतं मंदिर देऊन भागत नसे. रोजचा दिवा, भिक्षूंचं जेवण, पडझडीची डागडुजी, त्यासाठी शेतं द्यायची आणि ती कसायला माणसं. आपल्याकडे देवस्थान इनाम म्हणतात तेच. त्या शेताला सारा नाही. त्या माणसांना राजाची वेठ नाही, लढाईची चाकरी नाही. एकदा दिलं ते कायमचं. आणि वर तो शाप.

दरसाल थोडं थोडं, अडीच शतकं. तेराव्या शतकाच्या शेवटी उत्तर बर्मातली किमान एकतृतीयांश पिकाऊ जमीन, कदाचित दोनतृतीयांशसुद्धा, धर्माच्या नावावर गेली होती, असा काही इतिहासकारांचा अंदाज आहे. क्यास्वा नावाच्या राजानं विहारांच्या जमिनी परत घ्यायचा प्रयत्न करून पाहिला. भिक्षूंनी दाद मागितली, चौकशी बसली, दगड वाचले गेले. निकाल भिक्षूंच्या बाजूनं लागला आणि राजाला जमीन सोडावी लागली. स्वतःच्याच पणजोबाच्या शापापुढे कोण काय बोलणार?

अशा वेळी १२५६ मध्ये गादीवर आला नरसिंहपती. बर्मी तोंडात 'स' चा 'थ' होतो, म्हणून नरथिहपते. आपल्यापाशी तीन कोटी साठ लाख सैनिक आहेत आणि आपण रोज तीनशे कालवणं जेवतो, अशी त्याची बढाई सांगतात. सैनिकांचा आकडा कागदावरचा होता. कालवणांचं माहीत नाही. त्यानं मंगलाझेदी नावाचा देखणा स्तूप उभारायला घेतला. हा पुरा झाला की राज्य बुडेल असं भाकीत झालं, तेव्हा काम काही वर्षं बंद ठेवलं, आणि मग पुन्हा सुरू केलं, अशी कथा आहे.

उत्तरेला, चीनमध्ये, तेव्हा मंगोल सम्राट कुबलाई खान होता. त्यानं खंडणी मागितली, पगाननं नाकारली. १२७७ मध्ये सीमेवर ङसाउंगजानची लढाई झाली. मार्को पोलोनं तिचं वर्णन केलंय: हत्ती बघून मंगोलांची घोडी बिथरली, तेव्हा स्वारांनी उतरून ती झाडांना बांधली आणि हत्तींवर बाणांचा पाऊस पाडला. हत्ती उलटे फिरले ते आपल्याच माणसांना तुडवत रानात. पुढच्या काही वर्षांत मंगोल आणखी खाली सरकले आणि राजा राजधानी सोडून दक्षिणेला पळाला. प्रजेनं त्याचं नावच ठेवलं, 'तायोक-प्ये मिन', चिन्यांना भिऊन पळालेला राजा. पगानचं पाली नाव अरिमर्दनपूर, म्हणजे शत्रूला चिरडणारं नगर, हे इथे आठवतं. १२८७ मध्ये प्रोमला त्याच्याच मुलानं त्याला विष दिलं.

आता शाळेच्या पुस्तकात गोष्ट इथे संपते: मंगोल आले, पगान पडलं. पण मंगोलांची फौज पगानात शिरून जाळपोळ करून गेली याला भक्कम पुरावा नाही, आणि देवळं तर उभीच आहेत. राज्य प्रत्यक्षात गेलं ते दहा वर्षांनी. कुणाच्या हाती? तीन भाऊ होते, पगानच्याच सैन्यातले सरदार. त्यांच्या ताब्यात काय होतं तर चाउक्सेचं खोरं. ते पाट, तो भात. १२९७ मध्ये त्यांनी क्यावस्वा राजाला (मघाचा क्यास्वा वेगळा) गादीवरून ओढलं, दोन वर्षांनी मारलं. राजधानी होती तिथेच राहिली, तिचं जेवण मात्र तिच्या हातात राहिलं नाही. पुढे सत्ता पिन्या, सगाईंग, आवा अशी खोऱ्याच्या जवळ जवळ सरकत गेली.

पगान ओस पडलं नाही, लहान झालं. यात्रेकरू येत राहिले, देवळांमधल्या जागेत शेती होत राहिली. १९७५ आणि २०१६ च्या भूकंपांत अनेक कळस कोसळले. १९९० मध्ये सरकारनं जुन्या कोटातली वस्ती उठवून दक्षिणेला नव्या गावात नेली. २०१९ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत नाव लागलं.

शाप कोरलेल्या दगडांचं काय झालं ते सांगून थांबतो. पगान पडल्यावर पाचशे वर्षांनी बोदावपया नावाच्या राजाला प्रश्न पडला: माझ्या राज्यातली नेमकी कुठली शेतं देवाची आणि कुठली माझी? त्यानं गावोगावचे शिलालेख गोळा करवले, कित्येकांच्या नव्या दगडांवर नकला करवल्या, आणि हद्दी ताडून पाहिल्या. ते शेकडो दगड आज मंडालेच्या महामुनी मंदिराच्या आवारात ओळीनं उभे आहेत. टिळक सहा वर्षं ज्या तुरुंगात होते, त्याच गावात. आणि बोदावपयाच्याच वंशातला शेवटचा राजा थिबा, तो आपल्या रत्नागिरीला येऊन वारला.

नमस्कार.