दोनशे रुपयांची पावती आणि शंभर वारांची रेघ

मंडळी, समोर मुख्याध्यापक आहेत, सोसायट्यांचे पदाधिकारी आहेत, मागच्या रांगेत दोन-तीन परवाना निरीक्षकही दिसतायत. तक्रार सगळ्यांची एकच : शाळेजवळची टपरी सोमवारी उचलली, गुरुवारी पुन्हा उभी. ती का उभी राहते हे समजून घ्यायचं तर आधी दंडाकडे बघू.

तंबाखूचा केंद्रीय कायदा, म्हणजे कोटपा, २००३ चा. त्याच्या कलम ६ प्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकायची नाही आणि शैक्षणिक संस्थेपासून शंभर वारांच्या आत ती कुणालाच विकायची नाही. हे मोडलं तर दंड दोनशे रुपयांपर्यंत. फर्ग्युसन रस्त्यावरच्या संध्याकाळच्या गर्दीत एवढी रक्कम किती वेळात सुटते, हे तुम्हाला मी सांगायला नको. पावती फाडली, खिशात घातली, धंदा सुरू. त्यामुळे दंडाच्या पावत्या मोजून कारवाईचा अहवाल सजवण्यात काही अर्थ नाही.

पण विकत घेणारा मूल असेल, तर हाताशी बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ७७ आहे. मुलाला तंबाखूजन्य पदार्थ दिला तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. हे कलम बहुतेक वेळा लागतच नाही, कारण पावती फाटली की विषय मिटला असं सगळे धरून चालतात. तक्रार देताना शाळेने वयाचा पुरावा, म्हणजे बोनाफाईड किंवा जन्मदाखल्याची प्रत, सोबत जोडावी. आणि एक विनंती : पुरावा मिळवायला म्हणून कुठल्याही मुलाला टपरीवर पाठवू नका.

आता शंभर वार. नऊवारीतला जो वार, तोच हा. मीटरमध्ये ९१.४४. नियम सांगतो की अंतर संस्थेच्या कुंपणाच्या किंवा सीमाभिंतीच्या बाहेरच्या कडेपासून, त्रिज्येने, म्हणजे सरळ रेषेत मोजायचं. प्रत्यक्षात लोक फाटकापासून आणि रस्त्याने मोजतात, आणि इथेच पंचनामा पडतो. महाविद्यालयाची भिंत दोन रस्त्यांना लागून असते, फाटक एकाच रस्त्यावर. मागच्या रस्त्यावरचा टपरीवाला म्हणतो, ‘फाटक अर्धा किलोमीटर लांब आहे हो.’ असेल, भिंत वीस मीटरवर आहे.

सदाशिव पेठेसारख्या बोळांत सरळ रेषेत टेप धरताच येत नाही, मध्ये वाडे येतात. अशा वेळी आधी रस्त्याने मोजा. रस्त्याने मोजलेलं अंतर सरळ रेषेपेक्षा कमी कधीच भरत नाही. ते ९१ मीटरच्या आत आलं तर वादच संपला, टेपच्या नोंदीवर पंचांच्या सह्या घ्या. ते एकशेवीस भरलं म्हणजे टपरी सुटली असं मात्र नाही. मग मोजणीच्या नकाशावर भिंतीचा जवळचा कोपरा आणि टपरी या दोन बिंदूंमधलं अंतर काढावं लागतं. फोनवरचं लोकेशन पाच-दहा मीटर सहज सरकतं, म्हणून नव्वदीच्या आसपासच्या प्रकरणात त्यावर विसंबू नका. तीस मीटरची टेप चार वेळा टाकताना प्रत्येक टप्प्यावर खडूची खूण करा आणि तिचा फोटो घ्या.

पेठेतल्या मंडळींची आणखी एक तक्रार असते, स्पर्धा परीक्षांच्या क्लासबाहेरच्या टपऱ्यांची. नियमातली शैक्षणिक संस्था म्हणजे सक्षम प्राधिकरणाने स्थापन केलेली वा मान्यता दिलेली शाळा, महाविद्यालय, उच्च शिक्षणाची संस्था. खासगी क्लास आणि अभ्यासिका त्यात बसवणं अवघड. तिथे शंभर वारांचा अर्ज करून वर्ष घालवण्यापेक्षा दुसरं दार ठोठवावं.

ते दार म्हणजे जागा. टपरी काय विकते याआधी ती कशाच्या बळावर उभी आहे ते विचारा. पदपथावर कुठलंच प्रमाणपत्र नसलेली टपरी असेल, तर महापालिका अधिनियमाच्या कलम २३१ खाली अतिक्रमण विभाग ती हटवू शकतो. पथविक्रेता प्रमाणपत्र असेल, तर २०१४ चा पथविक्रेता कायदा आडवा येतो, आणि तो यायलाच हवा. तिथे जागा बदलायची तर तीस दिवसांची नोटीस लागते. पण त्याच कायद्याचं कलम ५ वाचा. प्रमाणपत्र किंवा ती जागा भाड्यानेसुद्धा दुसऱ्याला देणार नाही, असं हमीपत्र विक्रेता देतो. आपल्याकडे नाव एकाचं, गल्ल्यावर दुसराच, आणि मूळ धनी महिन्याला भाडं घेतो, ही उघड गोष्ट आहे. हे सिद्ध झालं तर म्हणणं मांडायची संधी देऊन कलम १० खाली प्रमाणपत्रच रद्द होऊ शकतं. दोनशेच्या पावतीला न घाबरणारा माणूस याला घाबरतो.

पक्क्या गाळ्यातल्या दुकानदाराला परवाना विचारला की तो ‘गुमास्ता आहे’ म्हणतो, म्हणजे दुकान नोंदणीचा कागद. कामगार थोडेच असतील तर २०१७ च्या दुकाने-आस्थापना कायद्यानुसार कामगार खात्याला नुसतं कळवायचं असतं. त्या पावतीचा तंबाखूशी काही संबंध नाही. अशा दुकानात पाटी बघा. विक्रीच्या ठिकाणी अठरा वर्षांखालच्यांना विक्री नाही हे सांगणारी किमान ६० बाय ३० सेंटिमीटरची पाटी हवी. जाहिरातीचा फलक फार तर ६० बाय ४५, त्यावर ब्रँडचं नाव नाही, पाकिटाचं चित्र नाही आणि मागून दिवाही नाही. शहरात फिरताना दिव्याने झगमगणारे फलक मोजून बघा, बोटं पुरायची नाहीत. सुटी सिगारेट विकायला राज्याने सप्टेंबर २०२० मध्येच बंदी घातली, कारण सुट्या सिगारेटवर इशारा छापलेला नसतो.

तंबाखू विक्रीला वेगळा महापालिका परवाना असावा आणि त्या दुकानात बिस्किटं-चॉकलेट नसावीत, असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सप्टेंबर २०१७ मध्ये राज्यांना लिहिलं. कल्पना चांगली आहे. माझी भीती एवढीच की पदपथावरच्या टपरीला तो परवाना दिला, तर उद्या तोच कागद अतिक्रमणाची ढाल होईल. आधी जागा कायदेशीर, मग परवाना, हा क्रम मोडता कामा नये.

व्हेपबद्दल थोडक्यात. ई-सिगारेटवर २०१९ पासून देशभर बंदी आहे. ‘यात निकोटिन नाही’ हा बचाव चालत नाही, व्याख्येत निकोटिन असलेलं-नसलेलं दोन्ही येतं. विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. झडती मात्र फौजदाराच्या खालच्या हुद्द्याच्या माणसाने घ्यायची नाही. परवाना निरीक्षकाने स्वतः खोकं उघडलं की बचावाच्या वकिलाचं काम सोपं झालं. हुक्का पार्लरवर मुंबईतल्या कमला मिलच्या आगीनंतर २०१८ मध्ये राज्याने बंदीचा कायदा केला. ‘हर्बल’, म्हणजे तंबाखू नसलेल्या, हुक्क्याचा मुद्दा उच्च न्यायालयात गेला तेव्हा २०२३ मध्ये न्यायालयाने सांगितलं की उपाहारगृहाच्या परवान्यात हुक्का आपोआप येत नाही. म्हणजे इथेही उपयोगी पडला तो परवानाच.

आता जिथे कायदाच तोकडा आहे तिथे येऊ. रोलिंग पेपर कोटपाच्या अनुसूचीत नाही. व्हाइटनर, थिनर, पंक्चरचं सोल्युशन यांतलं टोल्यूइन अमली पदार्थांच्या कायद्यात नाही, आणि बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ मध्ये दारू, तंबाखू, अमली व मनोविकारी पदार्थ आहेत, द्रावकं नाहीत. एम्सच्या २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात हुंगायच्या नशेचं प्रमाण प्रौढांत ०.५८ टक्के, तर १० ते १७ वयाच्या मुलांत १.१७ टक्के निघालं. बाकी नशांत मोठी माणसं पुढे असतात; इथे उलटं आहे. फुग्यात भरून ओढायचा लाफिंग गॅस हा त्यातलाच नवा प्रकार. क्रीम फेटायच्या छोट्या नळकांड्या केकवाल्यांना खरोखर लागतात, म्हणून सरसकट बंदीही जमत नाही. तो वारंवार ओढला की शरीरातलं बी-१२ निकामी होतं, पाय बधिर पडतात, चाल बिघडते.

म्हणून या वस्तूंबाबत स्टेशनरीवाला, हार्डवेअरवाला आणि पंक्चरवाला यांच्याशी बोलणं हाच सगळ्यात जवळचा उपाय आहे. एकटं मूल आठवड्यात तिसऱ्यांदा व्हाइटनर न्यायला आलं तर ते शाळेसाठी नाही, हे दुकानदाराला कळतं. वस्तू मागच्या फडताळात ठेवायला सांगा.

आणि पुलाखाली फडकं नाकाशी धरून बसलेला मुलगा दिसला तर त्याच्यावर ओरडू नका, पाठलाग तर मुळीच करू नका. द्रावकांमुळे हृदय इतकं नाजूक झालेलं असतं की दचकून पळालं तर ठोके बिघडून मूल जागीच जाऊ शकतं. शांतपणे जवळ जा, फडकं बाजूला करा, मोकळ्या हवेत बसवा, एक माणूस त्याच्यापाशी थांबू द्या आणि दुसऱ्याने १०९८ ला फोन लावावा.