स्वस्त बेल्जियन व्हाइट एलची पारख

छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत बिअरचे मोठे कारखाने आहेत. तरी मराठवाड्यात बिअर म्हटले की बहुतेकांना लागर, म्हणजे थंड तापमानात आंबवलेली नितळ सोनेरी बिअरच आठवते. आज पारखायची बेल्जियन व्हाइट एल ही फिकट, गढूळ बिअर मात्र वेगळ्या कुळातली आहे. बेल्जियममधील हूगार्डन गावात विसाव्या शतकाच्या मध्यावर लुप्त झालेला हा प्रकार तिथल्याच पिएर सेलिस या दूधविक्रेत्याने १९६६ मध्ये पुन्हा बनवायला घेतला, म्हणून तो आज आपल्यापर्यंत पोहोचला आहे.

सुमारे निम्मा मोड न आणलेला गहू, उरलेले जवाचे माल्ट (मोड आणून वाळवलेले जव), भरडलेले धने आणि कडू संत्र्याची वाळलेली साल एवढ्यावर तिची चव उभी असते. हॉप्स, म्हणजे कडवटपणा देणारी फुले, बेताची, मद्यार्क साधारण साडेचार ते साडेपाच टक्के. गढूळपणा गव्हातील प्रथिनांमुळे आणि यीस्टमुळे येतो. तो दोष नव्हे.

बिअर स्पर्धांतील परीक्षकांच्या प्रचलित पद्धतीत ५० पैकी २० गुण चवीला आणि १२ वासाला असतात, तर रूपाला अवघे ३. म्हणून नुसत्या रूपाने भुलू नये. ग्लास आधी नाकाजवळ न्यावा. जालन्याच्या मोसंबीची साल नखाने दाबताच जो ताजा, किंचित कडवट दरवळ सुटतो, त्याच्या जवळचे काहीतरी इथे हळूच जाणवायला हवे, आणि त्यामागे धन्यांचा व यीस्टमधून येणारा लवंगेसारखा मसालेदारपणा असावा. संत्र्याच्या गोळीसारखा गोड वास एकटाच पुढे आला, तर बनवणाऱ्याने घाई केली आहे असे मी मानतो. साबणासारखी चव किंवा भाजीसारखा वास हे जुन्या अथवा जास्त झालेल्या धन्यांचे लक्षण आहे.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट पाहावीच लागते. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि गोदामात राहिलेली बाटली लवकर शिळी होते. मग ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो आणि धने, साल, यीस्ट यांचा नाजूक मेळ निघून जातो. कारखान्यातून चांगली निघालेली बिअरही अशा वेळी नापास होते, म्हणून किमतीआधी उत्पादनाची तारीख वाचावी.

आजची बाटली चार-पाच अंशांवर उघडली. फेस पांढरा, दाट, पण लवकर बसला. पहिल्या घोटात साल स्पष्ट आहे, धने मागे राहिले आहेत, गव्हाचा मऊपणा जिभेवर टिकतो आणि शेवट स्वच्छ, कोरडा होतो. ग्लास थोडा कोमट झाल्यावर, जेव्हा थंडीने झाकलेले दोष बाहेर येतात, तेव्हा किंचित गोडसरपणा वाढला. साबण किंवा पुठ्ठा मात्र आढळला नाही. धने अजून ठळक हवे होते. तरीही या किमतीत, ताज्या तारखेची मिळाल्यास, मी ती निःसंकोच विकत घेईन.