मेयोनीजशिवाय चविष्ट टुना: आमसूल, फोडणीची पळी आणि फेसलेली मोहरी

नमस्कार मंडळी! नेरूळच्या आपल्या स्वयंपाकघरात स्वागत. आज बोलूया टुनाबद्दल, म्हणजे आपल्या कुप्याबद्दल, आणि तोही डब्यातला.

वजन उतरवायचं ठरलं की जिममध्ये कुणीतरी सांगतं, टुना खा. मग घरात चार-सहा डबे येतात. डबा उघडायचा, पाणी ओतून द्यायचं, वर मीठ-मिरपूड भुरभुरायची आणि शिक्षा भोगल्यासारखं संपवायचं. थोड्याच दिवसांत माणूस कंटाळतो आणि उरलेले डबे फडताळात मागे सरकतात. मला याचं फार वाईट वाटतं. शेजारी दिवाळे, सारसोळे, करावे अशी कोळ्या-आगऱ्यांची गावं आहेत, माशाला चव कशी आणायची हे पिढ्यान्‌पिढ्या जाणणारी माणसं आहेत, आणि आपण मात्र मासा बेचव खातोय!

आधी हिशोब बघू. पाण्यातला टुना निथळून १०० ग्रॅम घेतला, तर साधारण ९० ते ११५ कॅलरी आणि २० ते २५ ग्रॅम प्रथिनं मिळतात. तेलातला घेतला तर निथळूनही २०० च्या आसपास. आता त्या पाण्यातल्या टुनात दोन मोठे चमचे मेयोनीज घातलं, तर वर जवळजवळ १८० ते २०० कॅलरी चढल्या. म्हणजे माशापेक्षा मेयोनीजच जास्त झालं. डबा घेताना मागची बाजू वाचा. पाण्यातला की तेलातला, एवढं तरी बघाच.

मग लोक मेयोनीज घालतात का? कारण डब्यातला टुना कोरडा असतो. बहुतेक डब्यांसाठी मासा आधी एकदा शिजवतात आणि डबा बंद केल्यावर जोरदार उष्णतेवर पुन्हा शिजतो. त्यात अंगचं पाणी सुटतं आणि चरबी मुळातच नावाला. मेयोनीज त्याला ओलावा देतं आणि तोंडात स्निग्धपणा देतं. ही दोन कामं वेगवेगळी करायची. ओलावा आंबट पाण्यातून आणायचा आणि स्निग्धपणासाठी एकच चमचा तेल, पण ते योग्य जागी वापरायचं.

(डबा उघडून चाळणीत रिकामा करताना)

हे बघा, टुना चाळणीत काढला. वरून चमच्याने दाबा. अजून दाबा. बघा किती पाणी निघतंय! हे पाणी आत राहिलं तर तुम्ही कितीही मसाला घाला, तो पातळच लागणार. मीठ कमी खायचं असेल तर याच वेळी एकदा साध्या पाण्याने धुवून घ्या आणि परत दाबा.

आता आमसूल. चार-पाच आमसुलं पाव वाटी गरम पाण्यात पंधरा मिनिटं भिजत घातली होती. ती हाताने चांगली कुस्करायची. पाण्याला असा गडद रंग आला पाहिजे. त्यात किसलेलं आलं, ठेचलेली हिरवी मिरची आणि चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची पूड. हे पाणी टुनावर ओता, काट्याने मासा मोकळा करा आणि दहा मिनिटं हात लावू नका. मघाशी आपण बेचव पाणी काढलं, आता त्या जागी हे पाणी मुरतंय. शिवाय माशाचा जो उग्र वास असतो, तो बऱ्याच अंशी अमाइन जातीच्या द्रव्यांमुळे येतो. आंबट लागलं की ती द्रव्यं बांधली जातात आणि हवेत कमी उडतात. माशाला आधी आंबट लावून ठेवायची आपल्याकडची पद्धत आहे ना, तिच्यामागे हेच आहे. आमसुलाला मीठ असतं, डब्यातल्या माशालाही असतं. म्हणून मिठाचा डबा अजिबात उघडू नका, शेवटी चव घेऊन बघू.

लिंबू चालेल का? चालेल, पण त्याचा वास लवकर उडतो. ते वाढताना पिळा. चिंच गोडसर असते, मला टुनाबरोबर ती तितकी आवडत नाही.

आता तेल, आणि हा भाग जरा नीट बघा. मसाल्यांतली बरीचशी सुगंधी द्रव्यं पाण्यात नीट विरघळत नाहीत, तेलात विरघळतात. म्हणून तेल पूर्ण बंद केलं की लाल मसाला नुसता तिखट लागतो, वास येत नाही. पण त्यासाठी चार चमचे तेल लागत नाही. चहाचा एक चमचा तेल, ४० ते ४५ कॅलरी, एवढं पुरतं. ते पसरट पॅनमध्ये टाकाल तर सगळीकडे पसरेल आणि मोहरी कोरडीच करपेल. ही घ्या फोडणीची लोखंडी पळी. तेवढंच तेल इथे खोलगट जागी साठतं. पळी थोडी तिरकी धरा. तेल तापलं, मोहरी टाकली, तडतडू द्या. ठेचलेल्या लसणाच्या तीन-चार पाकळ्या टाका, कडेने सोनेरी होऊ द्या. कढीपत्ता. आता गॅस बंद. बंद केल्यावरच आगरी-कोळी मसाला घालायचा, अर्धा चमचा. गॅस चालू असताना घातला तर पापणी लवायच्या आत करपतो. रंग उतरला की लगेच टुनावर ओता.

(पळीतली फोडणी ओतताना, चर्र असा आवाज)

हा वास तुमच्यापर्यंत पोचवता आला असता तर किती बरं झालं असतं! वर बारीक चिरलेला कांदा आणि भरपूर कोथिंबीर. ओलं खोबरं आवडत असेल तर एखादा चमचा घाला, पण मूठभर नको. १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात साडेतीनशे कॅलरी असतात. तांदळाच्या भाकरीबरोबर हे खाऊन बघा.

दुसरा प्रकार भरतासारखा. टोमॅटो आणि कांदा थेट गॅसवर भाजा, साल काळी पडेपर्यंत. सोला, कुस्करा, त्यात टुना. तेल शून्य. टोमॅटोच का? टोमॅटोत ग्लुटामेट असतं आणि टुनात इनोसिनेट. दोन्ही उमामी, म्हणजे मुरलेल्या रश्शासारखी भरीव चव देणारी, आणि एकत्र आली की चव कितीतरी पटींनी वाढते. ग्लुटामेटची ही चव जपानच्या किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये शोधली. इनोसिनेट १९१३ मध्ये शिंतारो कोदामा यांनी कात्सुओबुशीतून वेगळं काढलं. कात्सुओबुशी म्हणजे धुरी देऊन वाळवलेला, टुनाच्याच कुळातला मासा. आपल्या लक्षद्वीपमध्ये मिनिकॉय बेटावरही टुना उकडून, धुरी देऊन, उन्हात वाळवून मासमिन करतात. टुना आणि धूर यांचं असं जुनं नातं आहे. म्हणून याच भरताला धुंगार द्या. मधोमध छोटी वाटी, त्यात निखारा, निखाऱ्यावर एक लवंग आणि तेलाचे दोन थेंब, वर झाकण, तीन-चार मिनिटं. खिडकी मात्र उघडी ठेवा, बंद फ्लॅटमध्ये कोळशाचा धूर कोंडू देऊ नका.

सँडविचमध्ये मलईदार काहीतरी हवंच असेल, तर घरच्या सायविरहित दह्याचा चक्का घ्या. दोन मोठे चमचे चक्का म्हणजे ३०-४० कॅलरी. पण नुसता चक्का सपाट लागतो. त्याला हवी फेसलेली मोहरी, आणि ही माझी सगळ्यात लाडकी गोष्ट आहे.

एक चमचा मोहरी खलबत्त्यात जाडसर कुटा. त्यात थंड पाणी, थेंब थेंब, आणि फेसत राहा. पाच मिनिटांनी नाकात झणका आला की झालं. मोहरीचा झणका दाण्यात तयार नसतो. दाणा फुटून पाणी लागलं की आतला एक विकर (एन्झाइम) काम सुरू करतो आणि मग तो तयार होतो. गरम पाणी घातलंत तर विकर मरतो, मोहरी नुसती कडू लागते. लिंबू आधीच पिळलंत तर झणका पुरता वरच येत नाही. म्हणून आधी थंड पाण्यात फेसायची, झणका आला की मग लिंबू. ही मोहरी चक्क्यात कालवा, टुना घाला, पातीचा कांदा आणि बारीक चिरलेली काकडी. महापे-रबाळेला ऑफिसात डबा नेणाऱ्यांनी काकडी वेगळ्या डबीत न्या आणि खायच्या वेळी मिसळा, नाहीतर सगळ्याला पाणी सुटेल.

ताजा कुपा मिळाला तर आणखी छान. पापलेट-सुरमईच्या मानाने स्वस्त पडतो. जून-जुलैची मासेमारी बंदी सोडून बाजारात बघत जा. कोळीणताईंना सांगा, "ताई, मधला काळपट भाग काढून द्या." त्या भागाची चव उग्र असते, ज्यांना टुना आवडत नाही त्यांना बहुतेक वेळा तोच खटकतो. घरी हळद, मीठ, आमसूल घातलेल्या पाण्यात मंद आचेवर शिजवा. पांढरट झाला, सहज सुटायला लागला की लगेच काढा. जास्त शिजवलात तर घरबसल्या डब्यातलाच कोरडा टुना तयार होईल! हाताने मोकळा करून वरचं काहीही करता येतं. थोडी तिरफळं ठेचून त्या पाण्यात टाकलीत तर बांगड्याच्या तिखल्याची आठवण येईल. तिरफळाची बी मात्र आधी काढून टाका.

एक गोष्ट मनापासून सांगते. कुपा बर्फात ठेवलेला असेल तरच घ्या. हा मासा गरमीत राहिला की त्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते शिजवून जात नाही. अंग लाल होतं, खाज सुटते, डोकं दुखतं. खाताना जिभेला तिखटाशिवायच चुरचुरलं तर तो घास टाकून द्या, पैशाचा विचार करू नका. उघडलेल्या डब्यातला उरलेला टुना स्टीलच्या किंवा काचेच्या डब्यात काढून लगेच फ्रीजमध्ये ठेवा आणि एक-दोन दिवसांत संपवा. गरोदर ताईंनी आणि लहान मुलांच्या आयांनी टुना किती आणि कुठला खायचा हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा, कारण टुनाच्या मोठ्या जातींमध्ये पारा जास्त असतो.

आता पहिल्या वाटीची चव घेऊया. आमसुलाचं मीठ उतरलंय, मसाल्याचंही आहे. मला वरून मीठ अजिबात लागलं नाही. तुम्हाला लागलं तर चिमूटभर सैंधव घाला, आणि भाकरी गरम असतानाच बसा.