दर खेपेला चारांत एक

[भिंतीवरचा तक्ता, कॅमेरा सावकाश जवळ]

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा तक्ता. वर आई-बाप, दोघंही वाहक, म्हणजे दोष अंगात आहे पण स्वतः रुग्ण नाहीत. खाली चार मुलं: एक पूर्ण लाल, दोन अर्धी लाल, एक पांढरं. चित्रात चूक काही नाही. तरी घोळ इथूनच सुरू होतो, कारण बघणारा चित्रातली मुलं मोजतो. ‘चारांत एक आजारी ना? आमचं पहिलंच तसं निघालं. म्हणजे पुढची सुटली.’

तक्त्याकडे परत येऊच. आधी ही नळी.

[शाळेचा व्हरांडा, बोटाला टोचणी, स्टँडमधल्या नळ्या]

नळीत २ मिलिलिटर द्रावण. त्यात २० मायक्रोलिटर रक्त, जेमतेम एक थेंब. द्रावणातलं सॅपोनिन तांबड्या पेशी फोडतं, डायथायोनाइट हिमोग्लोबिनमधला ऑक्सिजन काढून घेतं. ऑक्सिजन गेला तरी नेहमीचं हिमोग्लोबिन, ‘ए’, विरघळलेलंच राहतं. सिकलचं, ज्याला ‘एस’ म्हणतात, ते मात्र विरघळत नाही आणि नळी गढूळ होते. हलवायचं, पाच मिनिटं थांबायचं, काळ्या रेघांच्या कार्डासमोर धरायचं.

[क्लोज-अप: दोन नळ्या, मागे कार्ड]

डावीतून रेघा दिसतात. उजवीतून नाही. झाली सोल्युबिलिटी टेस्ट.

फसते ती बारीकसारीक गोष्टींत. द्रावण फ्रिजमधून काढून गारच वापरलं, तर उगाच गढूळ दिसतं. बाटली जुनी झाली, डायथायोनाइट हवेनं निकामी झालं, तर गढूळ व्हायची नळीही स्वच्छ राहते. म्हणून सकाळी पहिल्या माणसाला टोचण्याआधी एक ठाऊक असलेला पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह नमुना लावून बघायचा. हिमोग्लोबिन ७ ग्रॅमच्या खाली असेल तर एका थेंबात ‘एस’ पुरेसं येत नाही, तिथे रक्त दुप्पट घ्यायचं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्तात अजून गर्भातलंच हिमोग्लोबिन जास्त असतं. त्याच्या ‘निगेटिव्ह’ला काही अर्थ नाही.

आणि गढूळ नळी एवढंच सांगते की ‘एस’ आहे. तो ‘एएस’, म्हणजे वाहक, की ‘एसएस’, म्हणजे रुग्ण, हे तिला सांगता येत नाही. व्हरांड्यातच ‘तुम्हाला सिकलसेल आहे’ म्हणून मोकळं होणाऱ्यांनी हे कार्डाच्या मागे लिहून ठेवावं.

[प्रयोगशाळा, एचपीएलसीचा आलेख सरकतो]

एचपीएलसी म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी. हा उंच सुळका ‘ए’चा. पुढचा ठेंगणा ‘एस’चा, साधारण ३५ ते ४० टक्के. हा वाहक. पुढच्या आलेखात ‘ए’ नाहीच, ‘एस’च उंच. हा रुग्ण. आता तिसरा: ‘एस’ नाही, पण ‘ए-टू’ हा हिमोग्लोबिनचा आणखी एक प्रकार ४ टक्क्यांच्या वर. हा बहुधा बीटा थॅलेसेमियाचा, म्हणजे रक्ताच्या दुसऱ्या एका आनुवंशिक आजाराचा वाहक, आणि सोल्युबिलिटी टेस्टमध्ये याची नळी अगदी स्वच्छ. जोडीदार ‘एएस’ असेल, तर ‘एक पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह, मग हरकत काय?’ हा हिशोब इथे गळतो. या जोडप्याचंही मूल आजारी होऊ शकतं आणि शक्यता तीच, चारांत एक. एकाची नळी गढूळ आली, की दोघांचंही एचपीएलसी करायचं ते यासाठी.

[दोन स्टीलच्या वाट्या, चार मणी]

आता तक्ता. त्यापेक्षा या वाट्या बऱ्या. एक आईची, एक बापाची. दोन्हींत एकेक लाल मणी, म्हणजे ‘एस’, आणि एकेक पांढरा, म्हणजे ‘ए’. न बघता दोन्हींतून एकेक उचलायचा. लाल-लाल, रुग्ण. लाल-पांढरा, वाहक. दोन्ही पांढरे, काही नाही. वहीत खूण करायची. आणि आता हात बघा: मणी ज्या वाटीतले, त्या वाटीत परत.

हे परत टाकणं तक्त्यात दिसत नाही. चार चिठ्ठ्यांचा डबा घेऊन समजावणारेही इथेच चुकतात. लाल चिठ्ठी निघाली, बाजूला ठेवली. डब्यात आता लाल उरलीच नाही, हे समोरच्यांना आपणच शिकवलं.

[वहीचं पान, खुणांच्या ओळी]

चार-चार खेपांचा एक डाव, असे २५६ डाव धरा. सरासरीनं ८१ डावांत एकही लाल-लाल निघणार नाही. बरोब्बर एकदा, ते १०८ डावांत. उरलेल्या ६७ मध्ये दोन, तीन, कधी चारही. म्हणजे तक्त्यावरचं कुटुंब निम्म्या डावांतही जमत नाही.

[अंगणात भाऊ-बहीण]

भाऊ रुग्ण. बहीण रुग्ण नाही असं धरा, तिचं एचपीएलसी अजून व्हायचंय. आई-बाप दोघंही ‘एएस’. मग ही वाहक असण्याची शक्यता किती? ‘निम्मी’ असं चटकन तोंडात येतं. पण ती रुग्ण नाही हे धरलं आहे, म्हणजे लाल-लाल बाद. चारांतल्या तीन जोड्या उरल्या, त्यांतल्या दोन वाहकाच्या. तीनांत दोन.

भावाचे वेदनेचे झटके, हायड्रॉक्सियुरिया हे औषध, रक्त चढवणं, हे सगळं चालूच आहे.

[शिबिराची रांग, वरून]

रांगेतल्या आकड्याचंही तसंच. शंभरांत तीस गढूळ निघाल्या, म्हणून गावात तीस टक्के होत नाहीत. ज्यांच्या घरी रुग्ण आहे तेच आधी येतात. समजा गावात खरोखर दहांत एक वाहक आहे. लग्नं चिठ्ठ्या टाकून झाली तर शंभर जोडप्यांत एक दोघंही वाहक निघेल, आणि चारशे बाळांत एक रुग्ण. पण सोयरिक चिठ्ठ्या टाकून होत नाही, आपापल्यांतच होते. ज्या समाजात वाहक जास्त, तिथे प्रमाण चारशेत एकाच्या बरंच वर जातं.

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. उद्दिष्ट सात कोटी लोकांच्या तपासणीचं, वय ४० पर्यंत. नळी वाचायला पाच मिनिटं लागतात. वाट्या मांडून सांगायला वीस, आणि ती कुठल्याच रकान्यात धरलेली नाहीत.

[टेबल, जांभळ्या झाकणाची नळी, लेबल]

बहिणीचा नमुना. नाव, वय, गाव. गेल्या तीन-चार महिन्यांत रक्त चढवलं होतं का? चढवलं असेल तर आलेखात दुसऱ्याचं हिमोग्लोबिन मिसळतं, तेवढे महिने थांबावं लागतं. नाही म्हणते. मग नळी आजच्या गाडीनं जाईल.