आठवाली शाळा, पाचवाली शाळा

(न्यू जर्सीतल्या एका मराठी मंडळाच्या कार्यक्रमात निवृत्त शिक्षिकेने दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

या हॉलमध्ये नुसती नजर फिरवली तरी कळतं, निम्मे लोक घर शोधतायत आणि उरलेले त्यांना सल्ले देतायत. मी दुसऱ्या गटातली. निवृत्त होईपर्यंत इथल्या मिडल स्कूलमध्ये गणित शिकवलं, त्यामुळे शाळा या विषयावर गप्प बसणं मला जमत नाही. पत्रिकेत छापलंय, ‘परवडणाऱ्या टाउनमध्ये घर घेताना पब्लिक स्कूल कसं पारखावं’. पब्लिक स्कूल म्हणजे इथली सरकारी शाळा, मुलाला कुठली मिळणार ते घराच्या पत्त्यावरून ठरतं. पारखण्याकडे येतेच. आधी थोडं भांडून घेते.

मध्यंतरी एक तरुण जोडपं घरी आलं होतं. एडिसनमध्ये घर बघतायत. बजेट बेताचं, मुलगी अजून प्री-के मध्ये, म्हणजे बालवाडीत. त्यांनी एजंटला विचारलं, शाळा कशी आहे? तो म्हणाला, त्यावर मला बोलता येत नाही. त्याचंही बरोबर आहे. 1968 चा फेअर हाउसिंग ॲक्ट आहे, घर विकताना वंश-धर्म बघून भेदभाव करायला बंदी करणारा. ‘इथली शाळा चांगली’ म्हणणं हा ‘इथे तुमच्यासारखीच माणसं राहतात’ म्हणण्याचा आडमार्ग ठरू शकतो, म्हणून एजंट जिभेला जपतात. त्याने त्यांना घरं शोधायचं ॲप बघायला सांगितलं. एका घराखाली छोट्या गोलात तिथल्या शाळेला दहापैकी 8, दुसऱ्याखाली 5. झालं! पाचवालं घर बघायलासुद्धा गेले नाहीत. मी विचारलं, पाच म्हणजे काय पाच? तर दोघं एकमेकांकडे बघायला लागली. कांदे घेताना आपण याहून जास्त चौकशी करतो.

हे आकडे बहुतेक ठिकाणी ग्रेटस्कूल्स या संस्थेचे असतात. ना-नफा संस्था आहे, 1998 पासूनची. पूर्वी त्यात सगळा भर परीक्षेच्या गुणांवर असायचा. 2017 मध्ये आणि परत 2020 मध्ये त्यांनी स्वतःच पद्धत बदलली, मुलांच्या प्रगतीला जास्त वजन दिलं. म्हणजे नुसते गुण पुरेसे नाहीत हे आकडा देणाऱ्यांनाच पटलं. पटलं नाही ते आपल्याला. आपण अजून गोलातला आकडा बघतो आणि पळतो.

आता माझी आवडती गोष्ट. ज्यांनी आधी ऐकलीय त्यांनी चहा घेऊन यायला हरकत नाही. आमच्या शाळेच्या फाटकावर पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलेलं होतं, ‘एस.एस.सी. निकाल 100 टक्के’. दर जूनमध्ये पेंटर यायचा आणि फक्त साल खोडून नवं घालायचा. शंभराला हात लावायची वेळच येत नसे. आम्हाला केवढा अभिमान! माझ्या बाकावर एक मुलगी बसायची. निबंध असा लिहायची की बाई वर्गात वाचून दाखवायच्या. पण भूमितीचं आणि तिचं जन्माचं वैर. नववीचा निकाल लागला आणि मुख्याध्यापकांनी तिच्या वडिलांना बोलावलं. ते एस.टी.त कंडक्टर होते, ड्युटीवरून तसेच खाकी कपड्यांत आले. सर अगदी गोड बोलले. म्हणाले, मुलगी हुशार आहे, पण दहावीचा ताण तिला झेपायचा नाही, तुम्ही 17 नंबरचा फॉर्म भरा.

तरुण मंडळींसाठी सांगते, 17 नंबर म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसण्याचा फॉर्म. ज्याची शाळा सुटली आहे, ज्याला नोकरी करून परीक्षा द्यायची आहे, त्याच्यासाठी ती उत्तम सोय आहे. आमच्याकडे तिचा उपयोग फाटकावरचा रंग टिकवायला व्हायचा. वर्गातली सात-आठ मुलं अशी गळायची आणि दहावीला उरलेले सगळे पास! तिला गल्लीतल्या एका निवृत्त गुरुजींनी घरी शिकवलं. पहिल्या फटक्यात पास झाली, भूमितीसकट. आमच्या शाळेच्या शंभर टक्क्यांत ती नव्हती. आता सांगा, शाळा चांगली कुठली, आमची की त्या गुरुजींची ओसरी?

आणि तेव्हाची ती बोर्डाची गुणवत्ता यादी! पेपरात पहिल्या पानावर फोटो, आई पेढा भरवतेय, मागे मुख्याध्यापक छाती काढून उभे. आलेल्या मुलात शाळेचं किती, क्लासचं किती आणि घरातल्या पुस्तकांच्या कपाटाचं किती, हे कोणी विचारत नसे. पुढच्या जूनला त्याच शाळेबाहेर प्रवेशासाठी रांग.

तर हे सगळं मागे टाकून आपण अमेरिकेत आलो आणि पहिलं काय केलं, फाटकावरचा रंग वाचायला लागलो. इथे मुख्याध्यापकांना कोणाच्या वडिलांना बोलवावं लागत नाही. इथला 17 नंबरचा फॉर्म घराची किंमतच भरून घेते. ज्याला परवडत नाही तो हद्दीबाहेर, आत उरतात त्यांचे निकाल छान. सॅन्ड्रा ब्लॅक नावाच्या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी 1999 साली बोस्टनच्या आसपासची घरं तपासली, शाळेच्या हद्दीच्या रेषेला लागून अलीकडची आणि पलीकडची. परिसर तोच, घरं तशीच, शाळा वेगळी. गुण पाच टक्क्यांनी जास्त असले की लोक घराला सुमारे अडीच टक्के जास्त मोजत होते. सगळ्यांनी मोजले ते गुणांसाठी. त्यातलं शिकवणं किती, हे त्या किमतीत कुठे लिहिलेलं असतं?

आणि त्या दहावाल्या टाउनमध्ये जाऊन सुख असतं म्हणावं तर 2015 साली वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोच्या सुपरिंटेंडंटना, म्हणजे तिथल्या सगळ्या शाळांच्या प्रमुखांना, डेव्हिड एडरहोल्ड यांना, पालकांना लांबलचक पत्र लिहावं लागलं, की मुलं ताणाने खचतायत, जरा दमाने घ्या. हायस्कूलच्या सहामाही-वार्षिक परीक्षा बंद केल्या. विरोध करणाऱ्यांत आशियाई पालक पुढे होते. कोण कोण, ते मी या हॉलमध्ये विचारत नाही. हसताय ते बसलात तिथेच बसा.

चिठ्ठी आली. ‘10 मिनिटं, वडे तळायला घेतले’. म्हणजे पाचच समजायची. पटापट सांगते, लिहून घ्या.

पहिलं म्हणजे गुण आणि वाढ वेगळी करा. स्टॅनफर्डच्या शॉन रीअर्डन यांनी देशातल्या सुमारे 11,000 डिस्ट्रिक्टचे, म्हणजे एका कारभाराखालच्या शाळांच्या गटांचे, निकाल तपासले. सरासरी गुण घरच्या आर्थिक स्थितीबरोबर चालतात, पण दरवर्षी मुलं किती पुढे सरकतात याचा श्रीमंतीशी संबंध बराच कमी. शिकागोची मुलं, ज्या शिकागोच्या शाळांना सगळे नावं ठेवायचे तिथली, तिसरी ते आठवी या पाच वर्षांत सरासरीने सहा वर्षांइतकं शिकत होती. आपल्याकडे न्यू जर्सीत शिक्षण खातं प्रत्येक शाळेचा परफॉर्मन्स रिपोर्ट काढतं, फुकट आहे. त्यात ‘स्टुडंट ग्रोथ’ उघडा. तुमच्या मुलाची तुलना आधी त्याच्याइतकेच गुण असलेल्या राज्यातल्या मुलांशी होते. 50 च्या आसपास म्हणजे साधारण. गुण मध्यम आणि वाढ 60 च्या वर अशी शाळा दिसली तर ते टाउन सोडू नका, घर अजून स्वस्त असेल. हायस्कूलला हा आकडा नसतो, खालच्या शाळांचा बघा.

दुसरं, त्याच रिपोर्टमध्ये कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांची ओळ वेगळी असते. ती वाचा. त्यांना शिकवता येतं ती शाळा तुमच्या मुलालाही शिकवेल. गैरहजेरीही बघा, दहा टक्के किंवा जास्त दिवस बुडवणारी मुलं किती. आणि शिक्षक टिकतात का. चार किंवा जास्त वर्षं त्याच डिस्ट्रिक्टमध्ये असलेले किती, हेही छापलेलं असतं. दर सप्टेंबरला नवीन बाई येत असतील तर इमारत कितीही चकचकीत असो, विचार करा.

तिसरं, एडिसनचंच घ्या. उत्तरेला जे. पी. स्टीव्हन्स, दक्षिणेला एडिसन हायस्कूल. डिस्ट्रिक्ट एक, सुपरिंटेंडंट एक, अभ्यासक्रम एक, शिक्षकांचा करार एक. आपली माणसं उत्तरेकडच्या घरासाठी बोली लावून लावून दमतात. दक्षिणेकडे एकदा जाऊन तरी या. आठवीत अल्जिब्रा किती मुलांना मिळतं आणि त्यात घेतात कसं, एवढं विचारलंत तरी आकड्यापेक्षा जास्त कळेल.

कराचं राहिलंच. राज्यात घराचा सरासरी प्रॉपर्टी टॅक्स 2024 मध्ये वर्षाला 10,000 डॉलरच्या वर गेला आणि त्यातला निम्म्याहून थोडा जास्त शाळांना जातो. स्वस्त घर, जबर टॅक्स, असं होऊ शकतं. डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर ‘युजर-फ्रेंडली बजेट’ असतं. नावाइतकं फ्रेंडली नाही, तरी वाचा.

हो हो, संपवते. शेवटचं, लिस्टिंगवर, म्हणजे घराच्या जाहिरातीत, लिहिलेली शाळा खरी धरू नका, हद्दी बदलतात. डिस्ट्रिक्टच्या स्कूल बोर्डाच्या मीटिंगच्या इतिवृत्तात ‘रिडिस्ट्रिक्टिंग’ शोधा. घराचा पत्ता देऊन डिस्ट्रिक्ट ऑफिसला विचारा की या घरातलं मूल कुठल्या शाळेत जाणार, आणि उत्तर ईमेलवर मागा. करारावर सही त्यानंतर.