कायदा झाला, तरी पत्र लिहा

श्रोतेहो, नमस्कार.

१९५० साली अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात वेल्मा जॉन्स्टन कामावर निघाल्या होत्या. पुढच्या ट्रकमधून रक्त गळताना दिसलं. आत जखमी रानघोडे कोंबलेले होते, कत्तलखान्याकडे निघालेले. विमानांनी पिटाळून त्यांना पकडायचे आणि मांस पाळीव प्राण्यांच्या खाद्यात जायचं. वेल्मा विमा कचेरीत सेक्रेटरी होत्या. सत्ता नाही, पैसा नाही. त्यांनी पत्रं लिहायला घेतली, शाळकरी मुलांनाही लिहायला लावलं. मुलांच्या वेड्यावाकड्या अक्षरातली ती पत्रं खासदारांपर्यंत पोचत राहिली, आणि १९५९ मध्ये सरकारी जमिनीवर विमान-मोटारींनी रानघोड्यांची शिकार करायला कायद्यानं बंदी आली.

गोष्ट बहुतेकदा इथेच थांबवतात. मला पुढचा भाग मोठा वाटतो. त्या कायद्यात घोड्यांच्या संरक्षणाची आणि देखभालीची तरतूदच नव्हती, त्यामुळे कत्तल चालू राहिली. मुलांनी पुन्हा पत्रं लिहिली. १९७१ मध्ये दोन्ही सभागृहांनी एकमतानं नवा, भक्कम कायदा केला. मधे बारा वर्षं गेली!

प्रयोगशाळांतल्या प्राण्यांचंही तसंच. १९६६ मध्ये ‘लाइफ’ नियतकालिकानं प्रयोगशाळांना कुत्रे विकणाऱ्या एका व्यापाऱ्याकडच्या हाडं निघालेल्या कुत्र्यांची छायाचित्रं छापली, पत्रांचा पाऊस पडला आणि त्याच वर्षी कायदा झाला. पण त्यात सहाच प्रकारचे प्राणी होते. प्रयोगांत सर्वाधिक वापरले जाणारे उंदीर बाहेरच राहिले.

म्हणून सांगते, विधेयक मंजूर झालं की लेखणी खाली ठेवू नका. कायदा होण्याआधी खासदारांना लिहाल त्या पत्रात विधेयकाचं नाव, हवं असलेलं कलम आणि एकच मागणी असू द्या. छापील मजकुराखाली नुसती सही नको; अशी पत्रं गठ्ठ्यानं मोजली जातात, स्वतःच्या शब्दांतलं पत्र मात्र वाचावं लागतं. आपण त्यांचे मतदार आहोत, हे पहिल्याच ओळीत येऊ द्या.

कायदा झाल्यानंतरच्या पत्रात प्रश्न विचारा. निरीक्षक किती नेमले? तपासणी कधी झाली? खटले किती उभे राहिले? यासाठी पैसा किती ठेवला? उत्तर आलं तर तारखेसह जपून ठेवा. पुढच्या वर्षी तेच वाक्य उतरवून विचारता येतं, याचं काय झालं?